ऑक्टोपस विणण्याआधी

पुणे,
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं. नात वेळेआधी आली, पण दूध पचतंय आणि वजनही धरतेय, हे वाचून जिवात जीव आला. आता तुझी फर्माईश. दवाखान्यात काचेच्या पेटीतल्या त्या चिमणीसाठी लोकरीचा ऑक्टोपस! करते की. पण लोकरीचा नाही हं, सुती दोऱ्याचा. लोकरीची तुसं बाळाच्या नाकातोंडात जातात. शिवाय हे खेळणं 60 अंशांच्या पाण्यात धुवावं लागतं, त्यात लोकर आटून तिचा पार नमदा होईल.

ही कल्पना मूळ डेन्मार्कची. 2013 साली तिथल्या स्वयंसेवकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी असे ऑक्टोपस विणून द्यायला सुरुवात केली. पाय नाळेसारखे लागतात, म्हणून बाळाला आईच्या पोटातच असल्यासारखं वाटतं म्हणे. बाळाला काय वाटतं ते बाळालाच ठाऊक! मला पटतं ते एवढंच, की मुठीत पाय सापडला तर नळ्या-वायरी ओढणं तेवढं टळतं. व्हॉट्सॲपवर चमत्काराच्या गोष्टी फिरतात, त्या मनावर घेऊ नकोस. आणि आधी सिस्टरना विचार. नाही म्हणाल्या तर हुज्जत घालू नकोस, घरी आल्यावर खेळेल.

तू दोन सुयांवाली. म्हणशील, सुलट-उलट टाक्यांवर का नको? होतो गं, पण बहुतेकदा सपाट तुकडे विणून शिवत बसावं लागतं, आणि वीण ताणली की आतलं फायबर डोकावतं. क्रोशावर गोल गोल फिरत राहायचं, डोकं आपोआप तयार होतं. पहिल्या गोलात 6 मुके खांब (क्रोशाचे आखूड, घट्ट टाके गं), मग 12, 18, 24, असे दर गोलाला सहा वाढवत जायचं. हवी तेवढी रुंदी आली की वाढवणं बंद, मग वाटी आपसूक वळते. सुई मात्र दोऱ्याच्या मानाने एक नंबर बारीक घ्यायची. वीण इतकी घट्ट हवी की बाळाचं बोट त्यात अडकता कामा नये. पायांची गंमत वेगळीच. लांब साखळी घालायची आणि परत येताना प्रत्येक साखळीत दोन-दोन मुके खांब. टाक्यांना जागा पुरत नाही, मग पाय स्वतःच पीळ घेतो. ताणून मोजला तरी 22 सेंटीमीटरच्या वर जायला नको, नाहीतर बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळायची भीती. डोळ्यांना मणी-बटणं नाहीत, काळ्या दोऱ्याने भरायचे. आणि आत कापूस नको, धुतला की त्याचे गोळे होतात. उशीत घालतात ते फायबर बरं.

जागा न पुरण्यावरून आठवलं. आपल्या आयांच्या क्रोशाच्या रुमालांना कडेला टाके जास्त झाले की झालर उठायची, आणि मग "उसव ते!" म्हणून ओरडा बसायचा. 1997 मध्ये डायना तायमिना या अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापिकेने मुद्दामच तशी झालर वाढवत नेली, कागदावर धड न दिसणारी वाकडी भूमिती विद्यार्थ्यांना हातात धरता यावी म्हणून. पुढे 2005 मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये त्याच युक्तीने क्रोशाचं अख्खं प्रवाळ विणायला घेतलं. किती तरी प्रवाळ खरंच तसं चुणीदार वाढतं. कडेला वाढ जास्त, आत जागा कमी. ओरडा खाऊन उसवलेले ते रुमाल आठवून मला हसूच आलं.

वाढदिवसाला मी नातीला कासव करून देणार आहे. दुकानातल्यासारखं पोपटी नाही. वेळासला आपण पाहिली ना पिल्लं समुद्राकडे पळताना, तसं काळपट करडं. तुझी सून नाक मुरडेल, पण मुरडू दे.

ऑक्टोपसचा रंग मात्र तू सांग. गुलाबी म्हणालीस तर विणीन, पण कुरकुरत. माझ्याकडे मोरपंखी दोऱ्याचे दोन गुंडे पडले आहेत, धुऊन रंग जात नाही, हे मी पाहिलंय. सिस्टर काय म्हणाल्या ते लगेच कळव, म्हणजे मी डोकं सुरू करते. सूनबाईला डिंकाचे लाडू वेगळे पाठवतेय, ते तू संपवू नकोस.

तुझीच,
नली