गोचीड तापाचे औषध रक्त घेतल्यावरच सुरू करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुत्रा खात नाही, ताप आहे, अंगावर गोचीड सापडले, की 'गोचीड ताप' म्हणून लगेच डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू होते. मी पशुरोगनिदान प्रयोगशाळेत रक्ताच्या स्लाइड पाहते. आमच्याकडे नमुना येतो तो बरेचदा चार-पाच गोळ्या पोटात गेल्यावर, आणि मग स्लाइडवर काहीच सापडत नाही.

गोचीड ताप हा एकच आजार नव्हे. एर्लिकिया हा जिवाणू पांढऱ्या पेशींत राहतो. त्यावर डॉक्सिसायक्लिन उत्तम चालते. बबेसिया हा एकपेशीय परजीवी मात्र तांबड्या पेशी फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर-तपकिरी होते. त्यातही पेअरच्या आकाराचा मोठा बबेसिया दिसला तर इमिडोकार्बचे इंजेक्शन लागू पडते; अंगठीसारखा बारीक बबेसिया गिब्सोनी असेल तर ते पुरत नाही, अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन एकत्र, साधारण १० दिवस द्यावे लागते. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) एर्लिकिया आणि बबेसिया या दोन्ही आजारांत घसरतात. म्हणून नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यावरून औषध ठरवू नये. शिवाय दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात!

कानाच्या कडेला टोचून काढलेल्या थेंबात बबेसिया सापडण्याची शक्यता जास्त असते. ही स्लाइड करायला फार वेळ लागत नाही. स्लाइडवर काही दिसले नाही म्हणून आजार नाही असे मात्र धरू नये. एर्लिकिया तर क्वचितच दिसतो. शंका असेल तर पीसीआर (रक्तात जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) करावी. अँटिबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) तपासणारे किट आजार बरा झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, तेवढ्यावरून पुन्हा औषधे सुरू करू नयेत.

कुत्रा अत्यवस्थ असेल तर रिपोर्टची वाट पाहू नये, हे मलाही मान्य आहे. पण पहिल्या डोसच्या आधी रक्त तेवढे काढून ठेवा. आणि पालकांनो, एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन सहसा २८ दिवसांचे असते. दोन-तीन दिवसांत कुत्रा जेवू लागला, शेपूट हलवू लागला, की गोळ्या थांबवल्या जातात. असे अजिबात करू नका. जंतू अंगात राहिले तर काही कुत्र्यांत पुढे अस्थिमज्जाच रक्तपेशी बनवेनाशी होते, आणि तिथून कुत्र्याला परत आणणे फार कठीण असते. तापावर घरातली माणसांची आयब्युप्रोफेनसारखी गोळीही देऊ नये. प्लेटलेट आधीच कमी असताना तिने रक्तस्राव वाढतो.

डॉक्टरांना एक विनंती: आधी कोणते औषध, कोणत्या तारखेला दिले, हे नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर लिहून पाठवा. रिकामी स्लाइड कशी वाचायची, हे आम्हाला त्यावरूनच कळते.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ