पोरीची भाषा

पुणे,
१५ जून २०२५

प्रिय गजा,

तुझा निरोप बुधवारी रात्री वाचला. पोरीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे कळल्यावर मी लगेच फोन लावणार होतो. पण खाली तू लिहिलंयस, ‘महिनाभर आधी तुझ्याकडं पाठवतो, तिला जरा शुद्ध बोलायला शिकव, नाहीतर पुण्याचे लोक हसतील.’ तिथं अडलो. चार दिवस ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

हो-नाही आधीच सांगून टाकतो. पोरगी महिनाभर राहू दे, नाहीतर शिक्षण होईपर्यंत राहू दे, घर तिचंच आहे. पण तिची वऱ्हाडी बोली मी बदलणार नाही.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला होता. ‘काका, मला फॉर्मबद्दल थोडं विचारायचं होतं,’ असं एकेक शब्द जपून ठेवत बोलत होती. मध्येच तोंड वळवून ओरडली, ‘माय, दूध उतू जाऊन राह्यलं वं!’ आणि लगेच मला म्हणाली, ‘सॉरी काका.’ गजा, दूध उतू गेल्याचं सॉरी ती मला कशाला म्हणेल? आपल्या आईशी आपल्या बोलीत बोलली आणि ते मी ऐकलं, त्याचं ते सॉरी होतं. पुण्यात तिनं अजून पाऊल ठेवलेलं नाही, पुण्याचा एकही माणूस तिला हसलेला नाही. मग ही लाज आली कुठून? तुझ्या बैठकीतल्या टीव्हीतून आली, माझी खात्री आहे.

१९९९ च्या पंधरा ऑगस्टला अल्फा मराठी सुरू झालं, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. तेव्हापासून आपल्या अमरावतीकडं संध्याकाळचा स्वयंपाक मालिकेच्या वेळेवर व्हायला लागला. या मालिकांचं चित्रीकरण बहुतेक मुंबई-ठाण्याकडं होतं. माझ्या ओळखीचा एक जण त्यांचे संवाद लिहायचा. तो सांगायचा, रोजचा भाग रोज द्यायचा म्हटल्यावर सीन रात्री लिहून होतो, सकाळी सेटवर जातो, नटाच्या हातात कागद पडतो आणि तासाभरात शॉट. बुलढाण्याचं बोलणं वेगळं, भंडाऱ्याचं वेगळं, हे शोधत बसायला कुणाला वेळ असतो? मग ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘बाप्पा’ आणि ‘करून राह्यलो’ एवढं पेरलं की अकरा जिल्ह्यांचा विदर्भ तयार. दोन-चार हेल घातले की कोल्हापूर तयार, ‘खंय’ आणि ‘इलंय’ म्हटलं की अख्खा कोकण.

हेही मी समजून घेतलं असतं. धंदा आहे, वेळ नाही, ठीक. पण बोली कुणाच्या तोंडी देतात ते बघ. ड्रायव्हर, वॉचमन, स्वयंपाकीण, गावाकडून पिशवी घेऊन आलेला भोळा काका. डॉक्टर, वकील, कारखान्याचा मालक आणि प्रेमात पडलेली पोरं बहुतेक पुस्तकी मराठीत बोलतात. आपल्याकडं डॉक्टर पेशंटला वऱ्हाडीतच दटावतो, तहसील कचेरीत सगळा कारभार वऱ्हाडीत चालतो, आणि कॉलेजात असताना तू वहिनींना जे काही म्हणाला होतास तेही वऱ्हाडीतच होतं. ते कधी पडद्यावर आलं नाही. वीस-पंचवीस वर्षं रोज असं बघितल्यावर, जो माणूस आयुष्यात कधी अमरावतीला गेलेला नाही त्याच्या कानात आपला सूर आणि नोकराचं काम यांची गाठ पक्की बसते. त्यात त्या माणसाचा दुष्टपणा नसतो. त्याला दुसरं काही दाखवलेलंच नाही.

हिंदी मालिकांत धुणी-भांडी करणारी बाई आणि हवालदार मराठी असतात, म्हणून पुण्यातले लोक चिडतात. चिडावंच. माझ्या ऑफिसात यावरून मोठा वाद झाला होता, आणि त्यात सगळ्यात तावातावानं बोलणारा जो गृहस्थ होता, तोच मला जेवणाच्या सुट्टीत ‘काय बाप्पा’ म्हणून हाक मारायचा. त्या दिवशी मी त्याला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं. त्याला मनापासून वाईट वाटलं. त्याच्या ते कधी लक्षातच आलं नव्हतं.

वहिनी म्हणतील, नागपूरची राधिका होती की! होती. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ २०१६ साली सुरू झाली तेव्हा मीही घाईनं घरी येऊन बघायचो. मसाल्याचा व्यवसाय उभा करणारी बाई आपल्याकडच्या बोलीत बोलतेय आणि गोष्ट तिची आहे, याचं केवढं अप्रूप वाटलं होतं. श्रेय द्यायला पाहिजे तिथं देतो. पण नवऱ्याला तिची लाज वाटते, ती गावंढळ वाटते, यावरच सगळी गोष्ट उभी होती, हे मला तेव्हाही टोचायचं.

बाबांचं तुला कधी सांगितलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते माझ्याकडं आले होते. समोरच्या फ्लॅटमधल्या ताई स्वभावानं फार चांगल्या, ऑपरेशन झालं त्याच संध्याकाळी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन आल्या. बाबा त्यांना म्हणाले, ‘काहून एवढा तरास घेतला बाप्पा?’ ताईंचा चेहरा एकदम फुलला. ‘अय्या, अगदी सिरियलमधल्यासारखं बोलतात हो! काका, परत एकदा म्हणा ना, आमच्या मुलीला ऐकवायचंय.’ त्यांनी मुलीला हाक मारून बोलावलं. बाबा दारात उभे, डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात तो डबा. त्यांनी ते वाक्य परत म्हटलं. मायलेकी हसल्या, प्रेमानंच हसल्या. दार लावल्यावर बाबांनी मला विचारलं, ‘मी काई चुकीचं बोललो काय रे?’

त्यानंतर आठ दिवस होते ते. लिफ्टमध्ये कुणी बोललं की नुसती मान हलवायचे.

तू त्यांना खरेदी केंद्रावर पाहिलंयस. सरकारची एकाधिकार कापूस खरेदी १९७२ ला सुरू झाली आणि पुढं त्यांची उमर ग्रेडरकीत, म्हणजे कापसाची प्रत ठरवण्यात गेली. बैलगाड्यांची रांग जिनिंगच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत. बाबा गाडीतून मूठभर कापूस काढायचे, सरकी वेगळी करायचे आणि उरलेली रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे. ओढलेलं परत एकावर एक ठेवायचे, परत ओढायचे, सगळे धागे सरळ एका रेषेत येईपर्यंत. मग ते अंगठ्याच्या नखाशी लावून नुसत्या नजरेनं लांबी सांगायचे. गाडीवाला श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं बघत असायचा, कारण त्याचा वर्षाचा भाव त्या एका शब्दावर ठरायचा. तो शब्द बाबा वऱ्हाडीतच बोलायचे आणि कुणाला हसू यायचं नाही. त्या माणसाला माझ्या दारात माझ्यादेखत नक्कल करून दाखवावी लागली, आणि मी गप्प उभा राहिलो. ते मला अजून सलतं.

मालिकांत आपण विनोदाला, तर बातम्यांत रडायला. २००६ साली पंतप्रधान येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि गावोगाव कॅमेरे फिरायला लागले. आत्महत्या खऱ्या होत्या, आजही आहेत, त्या दाखवल्याच पाहिजेत. पण तुझ्या मळ्याशेजारच्या घरी ती गाडी आली होती, तो दिवस आठव. ती बाई ओट्यावर वही घेऊन वेचणीचा हिशेब करत होती, कुणाचा किती किलो, कुणाला किती द्यायचे. समोर पाच-सहा बाया पैशांसाठी बसलेल्या. वाहिनीच्या माणसानं वही बाजूला ठेवायला लावली, डोक्यावर पदर घ्यायला लावला, नवऱ्याचा फोटो मांडीवर द्यायला लावला. संध्याकाळी टीव्हीवर दिसली ती नुसती एक रडणारी बाई. नवरा गेल्यावर दोन महिन्यांत तिनं शेत हातात घेतलं होतं, हे पुण्या-मुंबईच्या एकाही माणसाला कळलं नाही. मला अजूनही नवी ओळख झाली की लोक विचारतात, ‘तिकडं परिस्थिती फार वाईट ना?’ मी काय सांगू? हो म्हटलं तरी अर्धवट, नाही म्हटलं तरी खोटं.

आता माझंही ऐक. ऑफिसात सावंतवाडीकडचा एक सहकारी आहे. २०१६ मध्येच ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला तो वाडा घराघरात पोचला. मालिकेनं कोकणाला भुताखेतांचा मुलूख करून ठेवला म्हणून तिकडच्या लोकांनी निषेध केला. आणि मी काय केलं असेल? मीसुद्धा त्याला विचारलं, ‘खरंच रे, तुमच्याकडं घरोघर असलं असतं का?’ तो दशावतारात काम करणाऱ्या घरातला माणूस, रात्ररात्र उभ्यानं संवाद रचून बोलणाऱ्यांचं घर ते. त्यानं माझ्याकडं जे पाहिलं, ते बाबांच्या नजरेसारखं होतं. आणि पुण्यात येण्याआधी पुणेकरांबद्दल मी काय काय धरून बसलो होतो ते तुला ठाऊकच आहे. दुपारी एकला शटर ओढणारा आमच्या गल्लीतला दुकानदार मला माजोरी वाटायचा. पहाटे साडेपाचला दुधाच्या गाडीपाशी तोच क्रेट उतरवताना दिसला तेव्हा कळलं की दुकान दोघं नवरा-बायकोच चालवतात आणि एकच्या आधी त्यांना घासही खायला मिळत नाही.

पोरीला एकदा मोर्शीच्या रस्त्यानं रिद्धपूरला घेऊन जा. आपण शाळेत असताना सायकलवर गेलो होतो, पण काय बघतोय ते आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ, म्हाइंभटांचं लीळाचरित्र, तेराव्या शतकात तिथं लिहिला गेला. चक्रधरस्वामींच्या मागं नागदेवाचार्य महानुभाव पंथ सांभाळत होते. केशवदेवांनी संस्कृतात लिहायचं काढलं तेव्हा त्यांनी अडवलं, त्यानं माझ्या म्हाताऱ्या नागवतील म्हणाले. पंथातल्या साध्या बायांना कळणार नाही, अशी भाषा त्यांना नको होती. आता त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ उभं राहतंय. ज्या मातीत मराठी गद्य लिहायला सुरुवात झाली, तिथली पोरगी फोनवर माझी माफी मागते. सांग, मी तिला काय शिकवू?

परीक्षेत लिहायची भाषा, मुलाखतीची भाषा ती सहा महिन्यांत आपोआप उचलेल. मी उचलली, तूही नोकरीत उचललीस. हे पत्रसुद्धा बहुतेक त्याच भाषेत आलंय, कारण कागद समोर आला की माझा हात आता तसाच चालतो. पण ती घरी आली की मी तिच्याशी वऱ्हाडीतच बोलणार. माझ्या पोराच्याही कानावर पडेल. त्याला ती बोली फक्त टीव्हीतली येते, आणि तो तशी बोलतो तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं की कळव. रात्रीच्या गाड्या पहाटे खराडी बायपासला येतात, मी स्कूटर घेऊन उभा राहीन. वहिनींना सांग, सरगुंडे पाठवा, इथं कुठंच मिळत नाहीत. आणि पोरीला म्हणा, गाडीत बसली की फोन करजो, अन् सॉरी म्हणू नको.

तुझा,
मध्या