रानातल्या त्या तीन तासांसाठी: आरोग्य व वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्य व वनमंत्री, गोवा सरकार,

सप्रेम नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातला. काही वर्षांपूर्वी ऐन पावसात रानवाटेवर आमच्यातला एक जण शेवाळलेल्या कातळावरून घसरला. मांडीचे हाड मोडले. मोबाईलला रेंज नव्हती. एक जण धावत गावात गेला आणि आम्ही जखमीला काखेत धरून उठवायला बघू लागलो. तो किंचाळला तेव्हा कळले, आपण चुकतोय. पण बरोबर काय, ते कुणालाच ठाऊक नव्हते. गावकऱ्यांनी बांबू आणि चादर आणली, त्या झोळीतून त्याला रस्त्यापर्यंत पोचवायला तीन तास गेले. १०८ तिथे येऊन थांबली होती. तो वाचला; अजून लंगडतो.

प्रथमोपचाराचे नेहमीचे शिक्षण रुग्णवाहिका थोड्या वेळात दारात येईल हे धरून दिले जाते. रानात तसे होत नाही. तिथे जखमी माणूस काही तास आपल्याच हातात असतो. मोडलेला पाय छत्रीच्या दांड्याने आणि लुंगीच्या पट्ट्यांनी कसा आधारायचा, ओले कपडे काढून ऊब कशी द्यायची (गोव्याच्या पावसातही अंग गार पडते, मी पाहिले आहे), नाडी आणि श्वास ठरावीक वेळाने मोजून डॉक्टरांसाठी कसे लिहून ठेवायचे, हे सगळे शिकावे लागते. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा असतो, मग छाती दाबायची. साप चावला तर आवळून बांधायचे नाही, चिरायचे नाही. तो अवयव हलू न देता माणसाला लवकर इस्पितळात न्यायचे. आमच्या वाड्यांवर आजही दोरी आवळतात.

अमेरिकेत मिनॉट डोल नावाचा गृहस्थ स्की करताना घोटा मोडून बर्फात अडकला होता. पुढे त्याचा एक मित्र स्कीच्या शर्यतीत दगावला. त्यानंतर १९३८ मध्ये त्याने नॅशनल स्की पॅट्रोल उभी केली. उतारावरच्या जखमीला सांभाळून खाली आणणारी ही माणसे बहुतेक स्वयंसेवकच असतात आणि त्यांच्यासाठी आणीबाणीच्या उपचारांचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तसेच रानातल्या प्रथमोपचाराचेही वेगळे अभ्यासक्रम आहेत: प्राथमिक साधारण १६ तासांचा, पुढचा ७०-८० तासांचा. आपल्याकडे बर्फ नाही, पण रस्ता दूर आणि माणूस जखमी, ही अडचण तीच.

जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले. धबधब्यांवर बंदी आली. पुढच्याच जुलैत पालीच्या धबधब्याकडे पाणी वाढून सुमारे ८० जण अडकले. बंदी असावी की नसावी, यावर मी वाद घालत नाही. पण बंदी मोडून गेलेल्याचाही पाय मोडतो. आणि वनरक्षक, काजूच्या बागेत राबणारा, लाकूडफाटा आणायला गेलेली बाई यांना तर रानात जावेच लागते. किनाऱ्यावर २००८ पासून जीवरक्षक आहेत, त्यांनी कितीतरी माणसे वाचवली. रानाला तसे कोण आहे?

आरोग्य आणि वन ही दोन्ही खाती आपल्याकडे आहेत, आणि आपण वाळपईचेच आमदार. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांतले वनरक्षक, दूधसागरला नेणारे कुळ्याचे जीपचालक, ट्रेकला नेणारे स्थानिक तरुण आणि रानालगतच्या प्रत्येक वाड्यातले निदान दोघे, यांना पावसाआधी १६ तासांचे शिक्षण मिळावे. शिकवायला बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचे (गोमेकॉ) डॉक्टर आहेत. दोर आणि स्ट्रेचरच्या कामासाठी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षक बोलावता येतील, तिथे शोध-बचावाचा अभ्यासक्रम चालतो. प्रत्येक वनचौकीत घडीचे स्ट्रेचर, खपच्या आणि वॉकीटॉकी असावी. शिकलेले दर वर्षी पुन्हा तपासावे, कारण छाती दाबण्याचा सराव वर्षभरात विसरतो.

पहिला वर्ग वाळपईत येत्या मे महिन्यात घ्यावा. त्यात बसायला मी येईन, आणि त्या दिवशी झोळी उचलणारे आमच्या गावचे चौघेही येतील.

आपला,
सत्तरीतील एक रहिवासी