ओव्हरहॉल केलेल्या अँबॅसेडर इंजिनाच्या चेंबरमधून होणारी ऑइल गळती: तक्रार

दि. १२ जानेवारी २०२६
गावभाग, सांगली

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा, इंजिन ओव्हरहॉलिंग विभाग,
पुणे

विषय: वॉरंटीतील इंजिनाची ऑइल गळती वारंवार सांगूनही दूर न झाल्याबद्दल

महोदय,

आपल्या कारखान्यात पूर्ण ओव्हरहॉल झालेले माझ्या १९७६ च्या अँबॅसेडर मार्क ३ चे इंजिन चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, जोडातून ऑइल गाळत आहे. तक्रार केली की आपला मेकॅनिक येतो, चेंबरचे बोल्ट आणखी आवळतो, जोडावर बाहेरून सिलिकॉनचा थर चढवतो आणि जातो. थोडे दिवस जोड कोरडा दिसतो, मग पुन्हा फरशीवर डाग पडतात. गेल्या खेपेला तर ‘जुनी गाडी आहे, थोडं गळणारच’ असे आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आले. हे उत्तर मला मान्य नाही. का मान्य नाही ते सविस्तर लिहितो, कारण आता इंजिनच धोक्यात आले आहे.

गाडी वडिलांनी घेतलेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले आणि गाडी बॉनेटपर्यंत बुडाली. इंजिन जाम झाले. डिझेल इंजिन टाका, नाहीतर भंगारात द्या, असे सल्ले देणारे पुष्कळ भेटले. आम्ही मात्र १४८९ सीसीचे मूळ पेट्रोल इंजिनच ठेवायचे ठरवले. २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या गाडीची ‘विंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. नोंदणी हे एक कारण. वडिलांच्या हाताखाली चाललेले इंजिन पुन्हा सुरू व्हावे, ही घरातल्या सगळ्यांची इच्छा हे दुसरे, आणि माझ्या दृष्टीने मोठे. म्हणून पैसे जमवून ते आपल्याकडे पाठवले.

इंजिन ताब्यात देतानाच मी जॉब कार्डावर लिहून दिले होते की, चेंबर पुराच्या पाण्यात गंजले आहे, त्याची फ्लँज (ब्लॉकला बसणारी सपाट कडा) तपासावी, सरळ होत नसेल तर चेंबर बदलावे, खर्च मी देईन. त्यावर आपल्या सुपरवायझरची सही आहे. अंतिम बिलात मात्र चेंबरपुढे फक्त ‘वॉशिंग व पेंटिंग’ असे लिहिले आहे.

आपल्या कामातले जे चांगले आहे तेही नोंदवतो. सिलिंडरचे बोअरिंग आणि क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग उत्तम झाले आहे. धूर नाही, इंजिन सकाळी एका सेल्फला सुरू होते, आयडलिंगला शांत चालते. एवढे अवघड काम ज्यांनी नेटके केले, त्यांनी चेंबर बसवताना घाई करावी याचेच मला जास्त वाईट वाटते.

ऑइल नेमके कुठून येते, हे आपल्या मेकॅनिकने एकदाही शोधले नाही. चालत्या गाडीत वाऱ्याने ऑइल मागे आणि खाली ओढले जाते, त्यामुळे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून (रॉकर कव्हर) गळणारे ऑइलसुद्धा चेंबरवर येऊन थांबते आणि चेंबरच गळते आहे असे वाटते. या इंजिनात बाजूला, मॅनिफोल्डखाली, टॅपेटची (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांची) दोन झाकणे असतात, त्यांचे पॅकिंग हेही गळतीचे नेहमीचे ठिकाण. म्हणून आमच्या मिरजेच्या मिस्त्रींनी इंजिन बाहेरून केरोसीनने धुतले, वाळवले आणि रॉकर कव्हरपासून चेंबरपर्यंत साधी टाल्कम पावडर मारली. इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवले. टॅपेटची झाकणे पांढरीच राहिली. ओला ओघळ उमटला तो मागच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे बाजूचे सपाट पॅकिंग आणि मागच्या मेन बेअरिंग कॅपवरची कॉर्कची पट्टी एकमेकांना मिळतात, आणि पुढे त्याच बाजूने दोन बोल्टांच्या मधून. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी ब्रीदरची नळीही काढून पाहिली. ती मोकळी आहे, म्हणजे आतल्या दाबाने ऑइल बाहेर ढकलले जाते असेही नाही. याचे फोटो सोबत आहेत.

आता फ्लँजबद्दल. चेंबर पत्र्याचे आहे. बोल्ट जादा आवळला की भोकाभोवतीचा पत्रा वर खेचला जातो आणि दोन बोल्टांच्या मधला भाग खाली राहतो. मग पॅकिंग बोल्टापाशी चिरडते आणि मधे सैल पडते. ऑइल त्या सैल जागेतून येते. अशा वेळी आणखी आवळणे म्हणजे तोच दोष वाढवणे. माझ्या चेंबरला खालून लोखंडी पट्टी लावली की हा लाटेसारखा आकार कुणालाही दिसतो, आणि एका ठिकाणी कॉर्क पिळून बाहेर आलेला आहे. या पाव इंची बोल्टांना साधारण ६ फूट-पौंड एवढाच टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, लागतो. आपल्या मेकॅनिकने लांब दांड्याचा पाना लावून अंगाच्या जोराने ते आवळले, माझ्या समोर. मी थांबवले तर ‘आता थेंब येणार नाही’ म्हणाला.

सर्वांत गंभीर बाब पुढेच आहे. सुरुवातीच्या रनिंगनंतर पहिले ऑइल बदलायचे असे आपल्याच सूचनापत्रकात आहे, त्याप्रमाणे मिरजेत ऑइल काढले. त्या ऑइलबरोबर ड्रेनच्या भोकातून वाळलेल्या सिलिकॉनची बोटाच्या पेराएवढी पट्टी बाहेर आली. म्हणजे जोडणीच्या वेळी पॅकिंगवर इतके सिलिकॉन भरले गेले की ते आत दाबले जाऊन तुटू लागले आहे. एक तुकडा बाहेर आला. उरलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसले तर पंपाला ऑइल ओढता येणार नाही, आणि आपणच घातलेली नवी मेन आणि बिग-एंड बेअरिंग काही मिनिटांत जळतील. बाहेर ठिबकणाऱ्या ऑइलचा हिशेब गेजपट्टी बघून ठेवता येतो. जाळी तुंबली तर मात्र ऑइलचा दाब कमी झाल्याचा इशारा मिळेपर्यंत काही कळत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून त्या दिवसापासून गाडी मी सुरू केलेली नाही. ती पट्टी डबीत जपून ठेवली आहे, आपला माणूस येईल तेव्हा दाखवीन.

सिलिकॉनला माझा सरसकट विरोध नाही. कॉर्कची पट्टी आणि सपाट पॅकिंग जिथे मिळतात त्या कोपऱ्यांत त्याचा थेंब हवाच. पण तो स्वच्छ, कोरड्या, ऑइलचा अंशही नसलेल्या पृष्ठभागावर हवा आणि वाळायला पुरेसा वेळ, साधारण २४ तास, मिळायला हवा. ऑइलने ओल्या जोडावर बाहेरून फासलेले सिलिकॉन धरतच नाही.

मी अवाजवी अपेक्षा ठेवतो आहे असा समज होऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. या जुन्या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही. क्रँकवरच्या आट्यांची खाच ऑइल परत आत ढकलते, त्यामुळे बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या कवचाच्या) खालच्या भोकातून, जिथे कॉटर पिन असते तिथून, कधीमधी थेंब येणे या रचनेत धरलेलेच आहे. त्या थेंबाबद्दल मी कधी तक्रार केली नाही, करणारही नाही. चेंबरचा जोड ही वेगळी जागा आहे. तो सपाट असेल आणि नीट बसवला असेल तर १९७६ च्या गाडीतही कोरडा राहतो. आमच्याच गाडीत पुरापूर्वी तो कोरडा होता.

तरी माझी मागणी अशी आहे. गाडी सुरू न करता, आपल्या खर्चाने ट्रेलरवरून कारखान्यात न्यावी. चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी आणि पंप माझ्या किंवा माझ्या मिस्त्रींच्या उपस्थितीत उघडावेत आणि आत सापडेल ते फोटोसह नोंदवावे. एखाद्या बेअरिंगवर ओरखडे दिसले तर ती वॉरंटीत बदलावी. फ्लँज सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाटावर) तपासून ठोकून सरळ करावी. ती सरळ होत नसेल तर दुसरे चेंबर घालावे आणि त्याचे पैसे, मी आधीच मान्य केल्याप्रमाणे, माझ्याकडून घ्यावेत. ब्लॉकच्या बाजूचे जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून नवे पॅकिंग आणि दोन्ही टोकांच्या नव्या कॉर्क पट्ट्या घालाव्यात, बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत, आणि इंजिन एकदा गरम होऊन थंड झाल्यावर टॉर्क पुन्हा तपासावा. शेवटी ऑइलमध्ये चमकणारा रंग (डाय) घालून अतिनील दिव्याखाली जोड कोरडा असल्याचे दाखवावे. वाया गेलेल्या ऑइलचा आणि मिरजेच्या गॅरेजचा खर्च परत करावा, आणि चेंबर व बेअरिंगची वॉरंटी या दुरुस्तीच्या तारखेपासून नव्याने धरावी.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. फोनवरचे उत्तर मी धरणार नाही. उत्तर न आल्यास ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथेच ती दाखल करता येते, त्यामुळे मी ती सांगलीतच करीन. तशी वेळ आपण येऊ देणार नाही अशी आशा आहे, कारण हे इंजिन आपल्याच लोकांनी बांधले आहे आणि ते नीट करायची हातोटी त्यांच्याकडे आहे.

आपला,
वाहनमालक व ग्राहक

सोबत: जॉब कार्डाची प्रत, अंतिम बिल, वॉरंटी कार्ड, पावडर चाचणीचे व सिलिकॉनच्या पट्टीचे फोटो, मिरजेच्या गॅरेजची पावती