रिपोर्ट सोमवारी, पण गोळी त्याच दिवशी द्या

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सविनय नमस्कार.

साहेब, मी यवतमाळ जिल्ह्यातली आशा स्वयंसेविका. ऐन कापूस वेचणीत गावातल्या एका वहिनीला घेऊन तालुक्याला गेले. लग्नाला सहा वर्षं झाली, दिवस राहत नव्हते. गर्भपिशवीच्या तोंडातून औषध सोडून बीजनळ्यांचा एक्स-रे काढला. 'दोन्ही नळ्या फुगल्यात' हे तिथेच बोललं गेलं, मी कानांनी ऐकलं. आम्हाला सांगितलं, रिपोर्ट सोमवारी. एसटीत ती सीटच्या कडेला, दांडा धरून बसली. "ताई, बसवत नाही मले." मी म्हटलं, थोडं दुखतंच. ते माझं वाक्य मला अजून सलतं. तिसऱ्या रात्री ती तापाने फणफणली, अंगावरून घाण वासाचं पाणी जाऊ लागलं. सोमवार उजाडला तेव्हा ती सलाईनवर होती.

नंतर एका डॉक्टरबाईंकडून समजून घेतलं. या तपासणीनंतर संसर्ग होतो तो शंभरात १ ते ३ जणींना. नळ्या फुगलेल्या असतील तर मात्र दहात एकीच्या आसपास, कारण जुना संसर्ग तिथे दबलेला असतो आणि औषधाबरोबर पोटात पसरतो. म्हणून फुगलेली नळी दिसली की लगेच डॉक्सिसायक्लिन ही जंतू मारणारी गोळी द्यायची, दिवसातून २ वेळा, ५ दिवस. साधी, स्वस्त गोळी आहे.

आमच्याकडे बायकांची अशी दुखणी किती दबून राहतात? डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. १९८९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. आधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या शंभरात ८ सुद्धा नव्हत्या. बाई दुखणं अंगावर काढते आणि थेट त्या टेबलावर पोहोचते.

म्हणून आदेश काढा. नळ्यांच्या तपासणीआधी ओटीपोटात दुखणं, पांढरं पाणी, टीबीची लक्षणं विचारली आणि तपासली जावीत; संसर्ग असेल तर तपासणी पुढे ढकलावी. नळी फुगलेली दिसली तर गोळी हातात देऊनच घरी पाठवावं. ताप, वाढतं दुखणं, घाण वास असेल तर रात्रीही कुठे फोन करायचा, याची मराठी चिठ्ठी द्यावी. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी आधी व्हावी. त्यात आत काही घालावं लागत नाही, तरी आमच्याकडे बाईलाच आधी पाठवतात.

पुढच्या पाळीनंतर आणखी एकीला घेऊन मला त्याच तालुक्याला जायचं आहे. त्याआधी आदेश पोहोचावा, ही विनंती.

आपली,
एक आशा स्वयंसेविका