टिंबावर बसलेली वेलांटी

ताई,

सा. न. वि. वि.

सहा वर्षं लग्नपत्रिका टाईप केल्या की पत्राची दुसरी सुरुवात सुचतच नाही. तुमचं नाव लिहीत नाही, तशी तुमची ताकीदच आहे. पण पत्र मात्र चारचौघांत लिहितोय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आभार मानले की तुम्ही अंगठ्याचं चित्र पाठवता आणि विषय मिटवता. तीनदा झालंय हे.

तुम्हाला तो दिवस आठवत नसणार. नोव्हेंबर २०१५, तुळशीचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणजे आमच्या बार्शीच्या डीटीपीच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही असे दिवस. तुम्ही भावाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आला होतात. मजकुरात दोन नावं वाढली होती, ती तुमच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये होती. मी फोन मॉनिटरला टेकवून उभा केला आणि बघून टाईप करायला लागलो. तुम्ही म्हणालात, "मी मेल करते, कॉपी-पेस्ट कर ना."

मी हसलो. पुण्याच्या कॉम्प्युटर इंजिनिअरला बार्शीचा बी.कॉम. काहीतरी शिकवणार म्हणून जरा चढलोही. सांगितलं, की फोनमधलं मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला स्वतःचा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत असतं आणि आमचं पेजमेकर, म्हणजे पान मांडायचं सॉफ्टवेअर, त्याला ओळखत नाही, पेस्ट केलं की नुसती प्रश्नचिन्हं. आमचं मराठी कृतिदेव या फॉन्टमधलं. त्यात 'मराठी' हा शब्द फाईलमध्ये मराठी नसतोच. आत असतात ई, जे, के, मोठा बी आणि एच ही इंग्रजी अक्षरं, फॉन्ट फक्त त्यांना म, र, काना, ठ, वेलांटीचं सोंग चढवतो. फॉन्ट बदला, सोंग उतरतं.

तुम्ही विचारलंत, "म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेली कळ आहे?"

"हो."

"आणि ती तुला पाठ आहे?"

"झोपेतून उठवून विचारा."

"मग तू कशाला टाईप करतोयस? मशीनला सांग."

जाताना प्रुफाच्या पाठीवर तुम्ही तुमचा ईमेल लिहिलात आणि खाली 'पायथॉन २.७', म्हणजे प्रोग्रॅमिंगची भाषा आणि तिची जुनी आवृत्ती, कारण दुकानातल्या मशीनवर अजून विंडोज एक्सपी होतं. ते प्रूफ माझ्याकडे आहे. एका बाजूला 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' आणि दुसऱ्या बाजूला माझी पुढची दहा वर्षं.

प्रोग्रॅमिंग ही इंजिनिअर लोकांची गोष्ट, असं मला तोवर पक्कं वाटायचं. माझ्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट होतं आणि घरून तलाठी भरतीचा लकडा. दुकान रात्री साडेनऊला बंद व्हायचं. मालकांनी किल्ली दिली होती, त्यामुळे नंतर मशीन माझं. नेट फोनवरून, टू-जीचं. दहा मिनिटांचा व्हिडिओ उतरायला पाऊण तास लागायचा आणि त्यातला माणूस भरभर इंग्रजी बोलायचा. व्हिडिओ बघताना सगळं कळतंय असं वाटतं. बंद करून कोरी फाईल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. स्वतः शिकणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो, पण खड्डा सगळ्यांच्याच वाटेत असतो हे सांगणारं तेव्हा कुणी जवळ नव्हतं. मला वाटायचं, मीच ढ.

पहिला प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये लिहिला. सेव्ह केला, पुन्हा उघडला, तर सगळं मराठी जाऊन प्रश्नचिन्हांची रांग. तेव्हाचं नोटपॅड आपणहून एएनएसआय पद्धतीत सेव्ह करायचं आणि त्यात देवनागरीला जागाच नाही, हे कळायला चार रात्री गेल्या. मग 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली, तर पायथॉन म्हणालं १५. तीन अक्षरांचा शब्द! मी तुम्हाला मेल केली की दुकानातलं मशीन बिघडलं असावं. तुमचं उत्तर एका ओळीचं: "पंधरा काय आहेत ते मोज."

राग आला होता. सांगायचं असेल तर नीट सांगा ना. पण मोजलं. म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी, युनिकोडच्या लेखी ही पाच वेगवेगळी चिन्हं. आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे मेमरीचे तीन कप्पे, खातं. पाच त्रिक पंधरा. रात्रीचे साडेअकरा झाले होते. शटर अर्धं ओढलेलं होतं आणि मी एकटाच हसत होतो. घरी जाऊन सांगितलं असतं तर आई म्हणाली असती, बरं झालं, जेवून घे. शिकणं एकट्याला जमतं हो. आनंद झाला की तो सांगायला कुणी नसतं, तिथे पंचाईत होते.

दोन महिन्यांनी पहिला कन्व्हर्टर तयार झाला. मजकूर युनिकोडमधून घ्यायचा, प्रत्येक चिन्हाच्या जागी कृतिदेवची कळ ठेवायची, संपलं. एका ग्राहकाची पत्रिका घातली. पहिल्याच ओळीत घोटाळा. 'चि.' या शब्दात वेलांटी च सोडून पुढे सरकली होती आणि टिंबाच्या डोक्यावर जाऊन बसली होती. नवरदेवाचा चिरंजीव राहिलाच नव्हता. कारण युनिकोडमध्ये आधी च आणि मग पहिली वेलांटी, आपण बोलतो तशी. कृतिदेवमध्ये आधी वेलांटी आणि मग च, कागदावर दिसते तशी. हे मला माहीत होतं हो! सहा वर्षं माझी बोटं आधी वेलांटी मारत होती. बोटांना जे ठाऊक होतं ते डोक्याला विचारायचं सुचलं नाही.

वेलांटी एक अक्षर मागे ढकलली आणि 'चि.' सुधारला. मग 'स्थिती' आला. वेलांटी थच्या मागे गेली आणि अर्ध्या सच्या पुढे अडकली. तिथे मी आठ दिवस अडकलो. शेवटी तुम्हाला लांबलचक मेल लिहिली, त्यात माझ्या अकलेविषयी बरंच काही होतं. तुमचं जे उत्तर आलं, त्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे.

तुम्ही लिहिलंत: "मला माहीत नाही. जोडाक्षरं फाईलमध्ये कशी साठवतात ते मी कधी बघितलंच नाही. तू शोध आणि मला सांग."

ताई, तुम्ही हे सहज लिहिलं असेल. मी ते दुकानात उभं राहून तीनदा वाचलं. इंजिनिअरिंग केलेल्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या बाईंना माहीत नाही, आणि त्या तसं सांगताहेत. तोपर्यंत माझी समजूत अशी होती की डिग्रीवाल्यांना सगळं कॉलेजात सांगतात आणि माझ्यासारखा चोरवाटेने आलेला माणूस आयुष्यभर पकडला जाणार. कुठलीही एरर आली की ती मला माझ्या जातकुळीची आठवण करून देत असल्यासारखी वाटायची. त्या दिवसापासून एरर म्हणजे नुसती एरर झाली. वाचायची, कुठली ओळ म्हणते ते बघायचं, शोधायचं.

आणि मी शोधून तुम्हाला सांगितलंही. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा पट्टा आहे. त्यात अर्ध्या अक्षरांना वेगळ्या जागा नाहीत. अर्धा स म्हणजे पूर्ण स आणि त्यानंतर हलंत, म्हणजे पाय मोडल्याची खूण. म्हणून वेलांटीला मागे नेताना व्यंजन ओलांडायचं, त्याच्या आधी हलंत दिसला तर त्याच्या आधीचं व्यंजनही ओलांडायचं, हलंत संपेपर्यंत मागे जात राहायचं. रफाराचं नेमकं उलटं. युनिकोडमध्ये तो व्यंजनाच्या आधी येतो, कृतिदेवमध्ये व्यंजनाच्या नंतर, काना असेल तर त्याच्याही नंतर. तुम्ही लिहिलंत, "अरे वा, हे मला नवीन." मी ती मेल प्रिंट केली. ए-फोरचा कागद दुकानाचा, मालकांची माफी मागतो.

'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला घोळ तुम्हीच पकडला होतात. विद्वानांना बोलवायचं की स्वयंपाक्यांना, एवढाच फरक. ऱ्य हा रफार नव्हे, त्याला वेगळा नियम हवा. दर्या आणि दऱ्या, तोच प्रकार. पुढच्या लग्नसराईत दुकानातलं परत टाईप करणं बंद झालं. मालकांनी पगार वाढवला नाही, पण संध्याकाळी सातला सोडायला लागले. तेवढ्यात, सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं होतं. आमच्यासारख्यांचं शिक्षण जिओच्या आधीचं आणि नंतरचं अशा दोन भागांत मोडतं. तुम्ही सांगितलेला हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स मी फुकट, खाली इंग्रजी अक्षरं वाचत, थांबवत थांबवत पूर्ण केला. सी भाषेतले पॉइंटर दोनदा सोडून दिले, तिसऱ्यांदा कळले.

आता रागाचं. २०१७च्या अखेरीस मी तुम्हाला विचारलं होतं, तुमच्या कंपनीत माझं नाव पुढे कराल का. तुम्ही म्हणालात, "अजून नाही." दोन शब्द. मी दीड महिना मेल केली नाही. मला वाटलं, शिकवण्यापुरता ठीक, शेजारच्या खुर्चीवर बसवायला नको. मग माझा मीच अर्ज करत सुटलो. निम्म्या ठिकाणी फॉर्मच पुढे जायचा नाही: दहावी, बारावी, डिग्री, तिन्हीकडे साठ टक्के हवेत. बारावीला मला ५४ होते. एका मुलाखतीत विचारलं, हॅश टेबल म्हणजे काय. मी म्हणालो, माहीत नाही. बाहेर येऊन शोधलं. माझ्या कन्व्हर्टरमध्ये अक्षर आणि कळ यांच्या जोड्या ज्यात ठेवल्या होत्या, ती पायथॉनची डिक्शनरी म्हणजे आतून हॅश टेबलच. दोन वर्षं जे रोज वापरत होतो त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. स्वतः शिकलेल्याचं ज्ञान असं असतं, घर बांधलेलं असतं पण पाटी लावलेली नसते, आणि पोस्टमन परत जातो.

तुमचं 'अजून नाही' बरोबर होतं. ते आणखी चार वाक्यांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं, हेही मी तितक्याच मोकळेपणाने लिहितो. नंतर मात्र तुम्ही प्रत्येक रविवारचा एक तास फोनवर दिलात, जवळजवळ वर्षभर. माझ्याकडून तोंडी उत्तरं म्हणवून घेतलीत. 'काय करतोस ते सांग, मग त्याला काय म्हणतात ते सांग.' मागून तुमच्या घरातला कुकर शिट्ट्या द्यायचा आणि तुम्ही शिट्ट्या मोजत माझी उत्तरं ऐकायचात. एकदा तुमचा भात करपला, त्याचे आभार वेगळे.

२०१९मध्ये पुण्यात छोट्या कंपनीत लागलो. पंधरा हजार पगार, वाकडला कॉट बेसिसवर राहणं, एका खोलीत चौघे. काम टेस्टिंगचं. पायथॉन २चा आधार १ जानेवारी २०२०ला संपणार होता आणि कंपनीचा सगळा जुना कोड त्यात. तिसऱ्या आवृत्तीत नेताना जिथे तिथे एकच रडगाणं: इथे बाइट आहेत की अक्षरं? टीममधले चांगले शिकलेले लोक त्यावर वैतागत होते. मला मात्र ते घरचं वाटलं. पाच की पंधरा, हा प्रश्न मी बार्शीत सोडवून आलो होतो. टेस्टिंगमधून उचलून मला त्या कामावर बसवलं, आणि मग मी तिथेच राहिलो.

तुमच्या सगळ्या मेल परवा मोजल्या. १८७ आहेत. सगळ्यात लांब चार ओळींची. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक मुलगी लागली, बी.ए. झालेली, घरीच शिकलेली. तिने मला डेटाबेसमधल्या लॉकिंगबद्दल काहीतरी विचारलं आणि विचारताना तीनदा सॉरी म्हणाली. मला उत्तर येत नव्हतं, तसं सांगितलं. ती माझ्याकडे जशी बघत राहिली, ते मी ओळखलं. त्या रात्री हे पत्र लिहायला बसलो.

कन्व्हर्टर अजून दुकानात चालू आहे. मशीन बदललं, मालकांच्या मुलाने पेजमेकर काढून टाकलं, तरी जुन्या फाईलींसाठी लागतोच. वर्षातून दोनदा फोन येतो, कुठला तरी 'ऱ्ह' नीट उमटत नाही म्हणून.

आणखी एक. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलंय. पत्रिका त्याच दुकानात छापतोय, प्रूफ कुरिअरने तुमच्याकडे येईल. 'चि.'ची वेलांटी मी दोनदा बघितली आहे, पण प्रूफ तुम्हीच तपासा. दुरुस्त्या पाठीमागे लिहिल्या तरी चालतील. आणि आचाऱ्यांना आपण बोलावलंय, आचार्यांना नाही, तेवढं बघा.

आपला,
बार्शीच्या दुकानातला