वेगाच्या विक्रमाची हद्द टायर ठरवतो

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जमिनीवरच्या वेगाच्या विक्रमाची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते तेव्हा इंजिनाची अश्वशक्ती छापली जाते, चालकाचे नाव आणि ताशी वेगही छापला जातो. टायरबद्दल मात्र बहुधा ओळसुद्धा नसते. चाकांना इंजिनाची शक्ती देऊन पळणाऱ्या गाड्यांत वेगाची हद्द बहुतेक वेळा टायरच ठरवतो, म्हणून हे पत्र.

२३ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील युटा राज्यातल्या बोनविलच्या मिठाच्या मैदानावर अँडी ग्रीन यांनी ‘जेसीबी डिझेलमॅक्स’ ही डिझेल गाडी सरासरी ताशी ३५०.०९२ मैल, म्हणजे सुमारे ५६३ किलोमीटर वेगाने पळवली. गाडीत आणखी जोर शिल्लक होता. पण टायरांची चाचणी ३५० मैलांपर्यंतच झालेली होती, त्यामुळे तिथेच थांबावे लागले. याच चालकाने १९९७ मध्ये अमेरिकेतल्याच ब्लॅक रॉकच्या वाळवंटात ‘थ्रस्ट एसएससी’ ही जेट गाडी ताशी ७६३ मैलांवर नेली, तिला रबरी टायर नव्हतेच. चाके भरीव अ‍ॅल्युमिनियमची होती. जेट गाडीचे चाक नुसते घरंगळते, जमिनीवर पकड घेऊन गाडी ढकलायचे काम त्याला नसते. म्हणून तिथे धातू चालतो. इंजिनाच्या जोराने चाके फिरवून पळणाऱ्या गाडीची मात्र रबरापासून सुटका नाही.

या रबरावर काय बेतते ते आकड्यांत पाहावे. २८ इंच व्यासाचा टायर ताशी ५०० किलोमीटरला सेकंदात ६२ फेऱ्या घेतो. त्याच्या बाहेरच्या थरावरचे एक ग्रॅम रबर त्या वेळी साडेपाच किलोच्या जोराने बाहेर ओढले जाते. रस्त्यावरच्या गाडीच्या नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोल नक्षी असते. एवढे रबर या वेगाला टिकत नाही, पट्टीच्या पट्टी उचकटून निघते. शिवाय जाड रबर वाकता-वाकता तापते आणि ती उष्णता त्यातून लवकर बाहेर पडत नाही. म्हणून बोनविलचे खास टायर दिसायला जवळजवळ गोटा झालेले असतात, धाग्यांच्या थरांवर रबराचा पातळसा लेप असतो. कमी वेगाच्या वर्गांत रस्त्याचे टायर वापरणारे स्पर्धक यंत्रावर नक्षी तासून घेतात. त्यामागचे कारण हेच.

टायर निवडताना आधी बाजूवर कोरलेले वेगाचे अक्षर पाहायचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. हे आकडे टायर नवा, निर्दोष आणि पूर्ण हवेचा असेल तरच खरे. त्यातही एक मेख आहे. व्ही टायर २१० पर्यंत पूर्ण वजन पेलतो, २४० ला मात्र त्याच्या क्षमतेपैकी ९१ टक्केच धरायचे. मिठावर पकड मिळावी म्हणून या गाड्यांत मुद्दाम शिसे किंवा लोखंड भरून वजन वाढवतात. तेव्हा टायर पेलेल तो वेग आणि पेलेल ते वजन, हे दोन्ही एकत्रच तपासावे लागतात. ड्रॅग शर्यतीचे रुंद, मऊ टायर इथे लावायचा मोह होतो, पण ते पाव मैलाच्या धावेसाठी असतात. त्यांच्या मऊ बाजूंना सुटताना सुरकुत्या पडाव्यात अशीच त्यांची घडण असते. पाच मैलांच्या धावेत तोच मऊपणा त्यांना तापवून फाडतो.

नवख्यांच्या हिशेबातून नेमकी सुटते ती घसर. मीठ ओलसर असते, इंजिनाची शक्ती मिळालेले चाक थोडे जागच्या जागीही फिरते. गाडी ताशी ४८० किलोमीटरने पळत असेल आणि चाक आठ टक्के घसरत असेल, तर टायर प्रत्यक्षात ५१८ च्या वेगाने फिरत असतो. टायर निवडायचा तो या ५१८ साठी. घड्याळ ४८० दाखवते म्हणून ५०० चा टायर पुरेल असे समजणे जिवावर बेतू शकते.

आता व्हॉल्व्ह. रबरी देठाचा व्हॉल्व्ह एवढ्या वेगाला बाहेरच्या बाजूला वाकतो आणि बुडाशी चिरतो. म्हणून नटाने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह लावतात. पण खरी गोम आतल्या पिनेत आहे. व्हॉल्व्हचे तोंड आसाकडे असते. हवा भरताना आपण ती पीन दाबतो तेव्हा ती टायरच्या आत, म्हणजे आसापासून दूर सरकते आणि व्हॉल्व्ह उघडतो. चाक फिरताना केंद्रापासून दूर नेणारा जोर पिनेला नेमका त्याच दिशेने ढकलतो. १५ इंची रिमच्या कडेला ताशी ५०० किलोमीटरला हा जोर वजनाच्या जवळजवळ ३,००० पट होतो. पिनेच्या स्प्रिंगने हार मानली तर आत रबरी वायसर असलेले धातूचे टोपण तेवढे हवा धरून ठेवते. प्लॅस्टिकचे टोपण त्या कामाचे नाही. चार टोपणांची किंमत कितीशी, पण ती नसतील तर गाडी रांगेत उभी करण्यात अर्थ नाही.

बॅलन्सिंगच्या वजनांचेही तेच. रिमच्या कडेला चिकटवलेला १० ग्रॅमचा तुकडा त्या वेगाला सुमारे २९ किलोच्या जोराने सुटू पाहतो. म्हणून ही वजने रिमच्या आतल्या बाजूने लावतात, म्हणजे जोर त्यांना रिमवरच दाबतो. वरून इपॉक्सी किंवा मजबूत पट्टीही मारतात. टायर चढवून झाला की टायर आणि रिम दोन्हींवरून जाणारी एक रंगाची रेघ ओढायची. धावेनंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर सरकला असे समजायचे. बॅलन्सिंग गेले, टायर उतरवा.

हवेचा दाब हा सर्वांत जास्त गैरसमजांचा विषय. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होतो आणि सुटल्यावर परत गोल होतो. वेग फार वाढला की त्याला गोल व्हायला सवडच मिळत नाही. तो हेलकावतो, आणि टेकण्याच्या जागेमागे टायरवर लाटा उभ्या राहतात. एकदा या लाटा सुरू झाल्या की उष्णता झपाट्याने वाढते, थर सुटतात आणि काही सेकंदांत टायरच्या चिंध्या होतात. दाब जितका जास्त, तितक्या या लाटा उशिरा, म्हणजे अधिक वेगाला येतात. त्यामुळे बोनविलला रस्त्यावरच्या गाडीच्या दुप्पट, काही टायरांत त्याहूनही जास्त हवा भरतात. नेमका आकडा टायर बनवणाऱ्याचाच घ्यायचा. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८५ मीटर उंच आहे, म्हणून समुद्रकाठी भरलेला टायर तिथे गेजवर दोनेक पीएसआय जास्त दाखवतो. गेज तिथलाच धरायचा आणि टायर गार असताना धरायचा. नायट्रोजन वापरतात तो कोरडा असतो म्हणून. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे. त्रास देते ती हवेतली वाफ.

प्रत्येक धावेनंतर टायर तपासायलाच हवा. चाक हळूहळू फिरवत, हातमोजा घालून सगळ्या पृष्ठभागावरून हात फिरवायचा. फुगा, उचकटलेली कड, बारीकशी चीर किंवा रुतलेला खडा सापडला तर टायर बाद. पुढची धाव कितीही महत्त्वाची असो. रिमच्या आत साचलेले मीठ टोकरून काढायचे, नाहीतर ते वाळून दगड होते आणि चाक थरथरते. प्रत्येक टायरला क्रमांक देऊन किती धावा झाल्या, सर्वाधिक वेग किती गाठला याची वही ठेवायची. २५ एप्रिल १९२८ रोजी अमेरिकेतील डेटोनाच्या किनाऱ्यावर वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात चालक फ्रँक लॉकहार्ट यांचा मृत्यू झाला तो मागचा टायर फुटून. आधीच्या धावेत वाळूतल्या शिंपल्याने तो कापला गेला असावा, असे मानले जाते.

घरी आल्यावर टायर गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून, हवा कमी करून काळ्या पिशवीत ठेवावेत. वेल्डिंग मशीन आणि विजेच्या मोटारींपासून ते लांब हवेत, कारण ठिणगीतून तयार होणारा ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. अतिवेगाचे टायर बनवणारे जगात मोजकेच आहेत, त्यामुळे जुना साठा जपून वापरण्याकडे कल असतो. पण न वापरलेले रबरही कडक होते आणि आतले थर सुटू लागले तरी बाहेरून दिसत नाही.

ही माहिती मराठी वाचकाला परकी वाटू नये. समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याची चर्चा सुरू झाली की ‘उन्हाळ्यात हवा थोडी कमी ठेवा’ असा सल्ला हमखास ऐकू येतो. तो घातक आहे. ३५ पीएसआयचा टायर दहा अंश तापला तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि टायर तेवढ्यासाठी बनवलेलाच असतो. हवा कमी ठेवली की बाजू जास्त वाकतात आणि टायर आणखी तापतो. ताशी १२० ला कित्येक तास चालताना हेच त्याला फाडते. गाडीच्या दरवाज्याजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाब सकाळी, गाडी हलवण्याआधी भरावा. आणि टायर किती जुना आहे हे कळण्यासाठी त्याच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांपुढे कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

आपला विश्वासू,
मोटारक्रीडा क्षेत्रातील एक तंत्रज्ञ, पुणे